प्रस्तावना: यंत्राला हुकूम कोणाचा?

पेंडंटच्या, म्हणजे क्रेन चालवायच्या लोंबत्या बटणपेटीच्या, वायरीला दोन टोके असतात आणि दोन्ही दिसतात. एक क्रेनच्या पॅनेलमध्ये, दुसरे चालकाच्या हातात. क्रेन हलली तर ती कोणी हलवली हे विचारावे लागत नाही. वायरीमागे नजर नेली की माणूस सापडतो, आणि तो क्रेनपासून फार लांब असूच शकत नाही, कारण वायर तेवढीच असते. गेल्या काही वर्षांत ही वायर कारखान्यांतून निघत चालली आहे. तिच्या जागी कमरेच्या पट्ट्याला अडकवता येईल असा रिमोट आला. त्याने सोय झाली, चालकाचा जीवही अधिक सुरक्षित झाला. मात्र हुकूम नेमका कोणाचा आणि तो देणारा उभा कुठे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे वायर आपोआप देत होती. ती आता कोणी द्यायची, हे बहुतेक ठिकाणी ठरवलेच गेले नाही. हे पुस्तक त्या दोन प्रश्नांसाठी लिहिले आहे.

हे प्रश्न मी बीड जिल्ह्यातून पाहतो. बीड म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर ऊसतोड कामगार येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, नवरा-बायकोचा एक कोयता धरून मुकादमाच्या वहीत नाव लागते आणि पुढचे पाच-सहा महिने गाव अर्धे रिकामे राहते. यंत्रे आणि रेडिओलहरी हा विषय या जिल्ह्याचा नव्हे, असे त्यामुळे कोणाला वाटेल. पण तेलगाव, पांगरी, पवारवाडी, आनंदगाव इथे साखर कारखाने आहेत. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि त्यांच्यावर लांबच्या नियंत्रण कक्षातून नजर ठेवली जाते. आणि शिवाराशिवारात विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू-बंद होते. हात न लावता चालणारी यंत्रे इथे घरोघरी पोहोचली आहेत. त्यांचे नियम मात्र पोहोचलेले नाहीत.

सुरुवात साखर कारखान्याच्या केन यार्डापासून, म्हणजे ऊस उतरवण्याच्या आवारापासून करू, कारण धोका सगळ्यांत उघडा तिथे आहे. वजनकाट्यावरून आलेली ट्रॉली क्रेनखाली लागते. ऊस भरतानाच त्याच्याखाली साखळ्या किंवा वायररोप टाकून ठेवलेले असतात. एक माणूस ट्रॉलीवर चढतो, टोके हुकात अडकवतो, उतरतो आणि हात वर करतो. ‘घे वर!’ मोळी एका बाजूने उचलली जाते, कलते, आणि गव्हाणीकडे नेणाऱ्या टेबलावर ऊस कोसळतो. रिकाम्या साखळ्या झुलत परत खाली येतात. हंगाम भरात असला की हे काम तिन्ही पाळ्यांत अखंड चालते. रात्रपाळीत यार्डात धुके आणि धूर असतो, हॅलोजनच्या उजेडात सावल्या लांब पडतात, आणि रांगेत थांबलेल्या गाड्यांच्या आडोशाला माणसे झोपलेली असतात. बैलगाडीवाल्याबरोबर त्याची बायको असते, पुष्कळदा मूलही असते.

हुक अडकवणाऱ्या माणसाच्या जिवाचा भार एकाच गोष्टीवर असतो: तो उतरून बाजूला होईपर्यंत क्रेनला कोणी हुकूम देणार नाही. केबिनमधला क्रेनवाला वरून पाहतो, पण मोळीच्या पलीकडची बाजू त्याला दिसत नाही. रिमोटवाला खाली उतरून, जिथून हुकही दिसेल आणि माणूसही दिसेल, अशी जागा निवडू शकतो. हा रिमोटचा मोठा गुण आहे. ‘रिमोट नको, पेंडंटच बरा’ असे हे पुस्तक कुठेही म्हणत नाही. पेंडंटवाल्याला वायरीच्या लांबीमुळे उचललेल्या ओझ्याजवळच चालावे लागे, आणि त्यात माणसे चिरडली गेली आहेत.

पण चालक मोकळा फिरू लागला की त्याच्या दिशाही फिरतात. केबिन क्रेनबरोबर जाते, त्यामुळे केबिनमधल्या माणसाचे डावे-उजवे कधी बदलत नाही. रिमोटवाला ट्रॉलीच्या पलीकडे गेला की त्याचे उजवे क्रेनचे डावे होते. दमलेला माणूस पहाटे तीन वाजता बाण पाहून बटण दाबतो आणि ओझे उलट बाजूला जाते. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. रिमोटच्या बटणांवर आणि क्रेनच्या गर्डरवर बाणांऐवजी ‘गव्हाण’ आणि ‘काटा’ असे ठळक रंगवावे. चालक कुठेही उभा असला तरी गव्हाण गव्हाणीच्याच जागी राहते. ऑइलपेंटच्या एका डब्यात होणारे हे काम किती यार्डांत झालेले असते, ते वाचकाने आपल्या जवळच्या कारखान्यात जाऊन पाहावे.

आता बटण दाबल्यावर हवेतून काय जाते ते पाहू. रिमोटमधून एक छोटा संदेश पुन्हापुन्हा सुटत राहतो. त्यात त्या रिमोटचा ओळखक्रमांक असतो, कोणते बटण दाबलेले आहे ते असते आणि संदेश वाटेत बिघडला नाही ना हे तपासण्यासाठी एक आकडा असतो. क्रेनवरचा रिसीव्हर ओळखक्रमांक जुळवतो, तपासणीचा आकडा जुळवतो आणि रिले ओढतो. बोट उचलले की हालचाल थांबते. संदेश यायचेच बंद झाले, म्हणजे बॅटरी उतरली, चालक लोखंडी खांबाआड गेला किंवा दुसऱ्या कशाने लहरींत गोंगाट केला, तरी थोड्याच वेळात मेन कॉन्टॅक्टर पडतो आणि क्रेन जागच्या जागी उभी राहते. चांगल्या संचात हा वेळ एखाद-दुसऱ्या सेकंदाचा असतो. संदेश नाही म्हणजे हालचाल नाही, या तत्त्वावर रेडिओ रिमोटची सगळी सुरक्षितता उभी आहे. रिले चिकटला तरी ओझे थांबावे म्हणून चांगले बनवणारे दोन रिले एकामागे एक बसवतात आणि ते एकमेकांवर लक्ष ठेवतात.

यातली एकेक गोष्ट विचारपूर्वक केलेली आहे. पण हा सगळा विचार बिघाडाविरुद्धचा आहे. तपासणीचा आकडा विजेच्या कडकडाटाने बिघडलेला संदेश ओळखतो. कोणीतरी मुद्दाम नीट बनवलेला संदेश तो ओळखू शकत नाही, कारण त्यात बिघडलेले काही नसतेच. मुकादमाचा ‘चला, उठा’ हा आवाज फोनवर रेकॉर्ड करून कोणी रात्री टोळीच्या कोप्यांजवळ वाजवला, तर टोळी उठेल. आवाज मुकादमाचाच आहे, बोलणारा मुकादम नाही. क्रेनच्या रिसीव्हरची अवस्था या टोळीसारखी आहे. त्याने पूर्वी ऐकलेला खरा संदेश कोणीही पुन्हा ऐकवला तरी तो खराच मानतो.

हे निव्वळ तर्काने सांगत नाही. जानेवारी २०१९ मध्ये ट्रेंड मायक्रो या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी औद्योगिक रेडिओ रिमोटविषयीचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. सात उत्पादकांचे रिमोट त्यांनी तपासले. प्रयोगशाळेत तपासून ते थांबले नाहीत. मालकांच्या परवानगीने चालू कारखान्यांत आणि बांधकामांवर जाऊन खऱ्या क्रेनवर प्रयोग केले. ऐकलेला संदेश पुन्हा पाठवणे, नवा हुकूम बनवून घुसवणे आणि सतत ‘थांब’ पाठवून यंत्र बंद पाडणे, हे तिन्ही प्रकार सातही उत्पादकांच्या यंत्रांवर चालले. त्याआधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, टेलिक्रेन कंपनीच्या एफ-२५ या रिमोट मालिकेत नेमका हाच पकडून-पुन्हा-पाठवण्याचा दोष असल्याची सूचना अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने काढली होती आणि कंपनीने त्यावर सुधारित सॉफ्टवेअर दिले. हे रिमोट नावाजलेल्या कंपन्यांचे होते. बाजारात त्यांच्याहून कितीतरी स्वस्त माल मिळतो, आणि तो कोण तपासणार?

आपल्याकडच्या डिप्लोमाच्या मुलांना हा दोष त्यांच्या ओळखीच्या वस्तूत दाखवता येतो. एचटी-१२-ई आणि एचटी-१२-डी या चिपांची जोडी वापरून वायरलेस प्रोजेक्ट न केलेला इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी शोधूनही सापडायचा नाही. या चिपला पत्त्यासाठी आठ पिना असतात, म्हणजे एकूण पत्ते २५६. गॅरेजचे दार किंवा घरातला अलार्म असल्या कामांसाठी ही चिप विकली जाते आणि तिथे ती पुरेशी आहे. पण त्याच जातीच्या, कधीही न बदलणाऱ्या संकेतावर कोणी लोखंडी ओझे उचलणारे होइस्ट चालवले, तर २५६ पत्ते एकामागून एक चाचपून पाहायला यंत्राला किती वेळ लागतो, याचे गणित मुलांनी वर्गातच करावे. मग त्यांना चढत्या क्रमांकाचा उपाय चटकन समजतो: दर संदेशात एक आकडा पुढे सरकतो, गुप्त किल्लीने त्यावर खूण उमटते, आणि रिसीव्हर मागचा आकडा पुन्हा स्वीकारत नाही. मोटारीच्या किल्लीत हे तंत्र कितीतरी वर्षे आहे. माणसाच्या डोक्यावरून पाच-दहा टन फिरवणाऱ्या रिमोटमध्ये ते नसावे, याला मला कोणतेच समर्थन सापडत नाही.

लहरींच्या बाबतीत एक गैरसमजही दूर केला पाहिजे. भारतात क्रेनच्या रिमोटसाठी ३३५ मेगाहर्ट्‌झजवळच्या काही वारंवारता २००५ पासून परवान्याविना खुल्या आहेत; शक्तीची मर्यादा एक मिलिवॅट. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टाही परवानामुक्त आहे. ‘सरकारने दिलेली फ्रिक्वेन्सी आहे, तिथे दुसरा कोण येणार’ असे पुष्कळ जण धरून चालतात. परवानामुक्त म्हणजे नेमके उलट: तिथे कोणीही येऊ शकतो. आणि शक्ती कमी म्हणून लहर कुंपणाच्या भिंतीशी थांबेल, हेही खरे नाही. चांगला अँटेना लावून ऐकणाऱ्याला क्रेनच्या रिसीव्हरपेक्षा लांबून ऐकू येते.

या विषयातली सगळ्यांत बोलकी हकिकत ऑस्ट्रेलियाची आहे, आणि ती साखर कारखान्याच्या व्यवस्थापकाने सावकाश वाचावी. क्वीन्सलँड राज्यात मरूची नावाच्या भागात सांडपाण्याची पंपिंग स्टेशने रेडिओने जोडलेली होती. ती यंत्रणा बसवणाऱ्या ठेकेदार कंपनीत व्हिटेक बोडेन नावाचा माणूस कामाला होता. त्याने ती नोकरी सोडली, तिथल्या कौन्सिलकडे काम मागितले, ते मिळाले नाही. मग २००० सालच्या सुरुवातीच्या महिन्यांत पंप आपोआप बंद पडू लागले, अलार्म वाजेनासे झाले, नियंत्रण कक्षाशी संपर्क तुटू लागला. लोक यंत्रात बिघाड शोधत राहिले. बोडेन गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ संच घेऊन फिरत होता आणि यंत्रणेला खऱ्यासारखे हुकूम देत होता. सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी उद्यानांत, ओढ्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात गेले. एप्रिलमध्ये पोलिसांनी त्याची गाडी अडवली तेव्हा सामान आत सापडले. २००१ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

बोडेनने कुठलीही मोठी तांत्रिक भिंत फोडली नाही. तो ती यंत्रणा बसवणाऱ्यांपैकीच होता. त्याने नोकरी सोडली, पण त्याच्या हातातला हुकूम कोणी काढून घेतला नाही. साखर कारखान्यात दर हंगामाला माणसे येतात आणि जातात. पगार थकतात, भांडणे होतात, क्रेनवाला अर्ध्या हंगामात दुसऱ्या कारखान्यावर जातो, बाहेरचा तंत्रज्ञ पावसाळ्यात येऊन रिमोट दुरुस्त करून जातो. त्यांतला कोणी वाईट आहे असे म्हणायचे नाही. गेलेल्या माणसाबरोबर ओळखक्रमांक जातो आणि तो बदलण्याची पद्धत आपल्याकडे नाही, एवढेच म्हणायचे आहे. रिमोटच्या पाठीवर, बॅटरीच्या झाकणाशेजारी, मार्करने लिहिलेला आयडी मी एकाहून अधिक यार्डांत पाहिला आहे. जोडीचा सुटा रिमोट स्टोअरच्या टेबलाच्या खणात, बॅटरी घातलेल्या अवस्थेत पडलेला असतो. हा खण जगातल्या कोणत्याही हॅकरपेक्षा जवळचा धोका आहे. शेजारशेजारच्या दोन होइस्टना एकाच दुकानदाराने एकच ओळखक्रमांक ठेवून दिला, तर हॅकरचीही गरज उरत नाही; एका बोटावर दोन यंत्रे हलतात.

‘थांब’ या हुकमाचाही दुरुपयोग होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमध्ये सुमारे वीस रेल्वेगाड्या थांबल्या, कारण तिथल्या जुन्या रेडिओवर तीन ठरावीक सूर वाजवले की गाड्या थांबतात आणि ते सूर कोणीही वाजवू शकतो. कोणाला इजा झाली नाही. थांबण्याचा हुकूम सोपा आणि सगळ्यांना देता येण्याजोगा असावा, ही सुरक्षिततेची मागणी; तो कोणालाही देता येऊ नये, ही सायबर सुरक्षेची मागणी. या दोहोंत खरा ताण आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. माझा कल पहिलीकडे आहे: विनाकारण थांबलेली क्रेन परवडते. मात्र ती एका पाळीत अनेकदा विनाकारण थांबू लागली की गव्हाणीत ऊस कमी पडतो, मिल रिकामी फिरते, वरून फोन येतात, आणि मग कोणीतरी इन्सुलेशन टेपने एखादे बटण कायमचे दाबून ठेवतो किंवा पॅनेलमधला संपर्क ‘शॉर्ट’ करतो. त्या क्षणी सगळे रिले, तपासणीचे आकडे आणि तातडीने थांबवण्याचे लाल बटण निरुपयोगी होते. लहरींतल्या त्रासाचा शेवट असा माणसाच्या जिवावर होतो. म्हणून वारंवार थांबणारा रिमोट ही कटकट न मानता वहीत नोंदवून तपासावी लागणारी घटना मानली पाहिजे.

नोंदीचा प्रश्न आणखी खोल आहे. ८ डिसेंबर २०१७ रोजी पांगरीच्या वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्यात गरम रसाची टाकी फुटली आणि कामगारांचे जीव गेले. त्या दुर्घटनेचा रिमोटशी काही संबंध नव्हता. पण तिथे निदान फुटलेली टाकी मागे राहते. तपासणाऱ्याला पत्रा आणि सांधे पाहता येतात. रेडिओ हुकूम मागे काहीच ठेवत नाही. क्रेन हलली, माणूस ओझ्याखाली सापडला, चालक शपथेवर सांगतो की मी बटण दाबले नव्हते. तो खरे बोलतो आहे की नाही, हे ठरवायला रिसीव्हरमध्ये वेळेसह नोंद नसेल, तर दोष बहुधा त्याच्याच माथी बसणार. नोंद ठेवणारा रिसीव्हर चालकाच्याही बाजूने उभा राहतो, ही गोष्ट कामगार संघटनांनी लक्षात घ्यावी.

आता विहिरीवरची मोटर. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी शेतपंप मोबाइलवरून चालवण्यासाठी ‘नॅनो गणेश’ तयार केले आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. आज मोबाइल स्टार्टर अनेक कंपन्यांचे मिळतात, आणि बीडसारख्या जिल्ह्यात त्यांची गरज काय आहे हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. थ्री फेज लाइट पुष्कळदा रात्री येते. चिखलातून, अंधारातून, पायाखाली साप असताना मोटर चालू करायला जावे लागते. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा रात्रीच्या पाळीने पाणी द्यायला जाणे म्हणजे काय हे सगळ्या महाराष्ट्राला कळले. घरातून मिस्ड कॉल देऊन मोटर चालू करता येणे, हे या पार्श्वभूमीवर जीव वाचवणारे तंत्र आहे. त्याचा मी पूर्ण पुरस्कार करतो.

आणि त्याच मोटरीने जीव जातो तो कसा, तेही पाहावे. मोटर जळाली म्हणून दोघे-तिघे ती विहिरीतून ओढून काढत आहेत, किंवा एक जण फुटव्हॉल्व्ह साफ करायला खाली उतरला आहे. स्टार्टर ‘ऑटो’वर आहे. लाइट आली की तो स्वतःच मोटर चालू करतो. किंवा घरी मुलाला ठाऊक नाही की वडील विहिरीत आहेत, आणि तो कॉल लावतो. इथे हल्लेखोर कोणीच नाही, घरातले प्रेमाचे माणूसच बटण दाबते. म्हणून नियम एकच आणि अपवादाविना: विहिरीवर काम असेल तर मेन स्विच पाडायचा, किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढायचे आणि ते खिशात ठेवूनच खाली वाकायचे. पेटीवर ठेवलेले किटकॅट दुसरा कोणी बसवू शकतो, खिशातले बसवता येत नाही. पवनचक्कीवर चढणारा तंत्रज्ञ याच शिस्तीने वागतो. वर चढण्याआधी तो यंत्र ‘लोकल’वर घेतो, मग नियंत्रण कक्षातून कोणीही काही दाबले तरी पाते फिरत नाही. त्याच पठाराच्या पायथ्याशी शेतकरी विहिरीत उतरतो तेव्हा त्याला ही सोय कोणी सांगितलेली नसते.

मोबाइल स्टार्टरच्या चोरवाटाही साध्या आहेत. पेटीतून निघालेला पासवर्ड तसाच राहतो. ज्या नंबरांना परवानगी दिली, त्यांतला एखादा बंद पडतो, आणि कंपनी काही महिन्यांनी तो दुसऱ्या ग्राहकाला देते. तो नंबर स्टार्टरच्या यादीत तसाच असतो. बांधावरून भाऊबंदकी चालू असेल, तर गेल्या वर्षीच्या वाटेकऱ्याचा नंबर यादीत असणे किती महागात पडेल, ते सांगायला नको. पीएम-कुसुम आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनांतल्या सौर पंपांच्या कंट्रोलरमध्येही दूरस्थ देखरेखीची सोय असते. तिची किल्ली कोणाकडे आहे, हे विचारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे आणि पुरवठादाराने त्याचे उत्तर मराठीत, कागदावर द्यायला हवे.

कायद्याचे थोडक्यात. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २९ उचलण्याच्या यंत्रांसाठी होते: वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून संपूर्ण तपासणी, आणि क्रेनच्या मार्गावर कोणी काम करत असेल तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत येणार नाही अशी तजवीज. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. तपासणीत हुक, दोर, ब्रेक, लिमिट स्विच पाहिले जातात. रिमोटचा ओळखक्रमांक शेवटचा कधी बदलला, हे विचारण्याची रीत नाही. दुसरीकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची असते, पण यार्डातला सुपरवायझर क्रेन आपोआप हलण्याला सायबर घटना म्हणत नाही. अपघात झाला तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे लोक येतात, आणि त्यांच्या नमुन्यात लहरींना रकाना नसतो. दोन कार्यालयांच्या मधल्या या फटीत आपला विषय पडून राहिला आहे. युरोपात २० जानेवारी २०२७ पासून लागू होणाऱ्या नव्या यंत्र-नियमावलीने ही फट बुजवली: यंत्राच्या नियंत्रणात बाहेरून ढवळाढवळ होऊ नये, ही जबाबदारी तिने थेट उत्पादकावर टाकली. बिनतारी नियंत्रणासाठी आयईसी ६२७४५ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१७ पासून आहे. आपल्या निविदांत त्याचे नाव घालायला कोणी अडवलेले नाही.

कारखान्याची खरेदी पावसाळ्यात, दुरुस्त्यांच्या दिवसांत होते. बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख ठरली की मग कोणाला वेळ नसतो. म्हणून या पुस्तकातले निविदेचे प्रकरण खरेदी विभागाने जून-जुलैमध्ये वाचावे. त्यात पुरवठादाराला विचारायच्या गोष्टी साध्या मराठीत दिल्या आहेत: तोच संदेश दुसऱ्यांदा पाठवला तर रिसीव्हर तो नाकारतो का, आणि आमच्यासमोर करून दाखवाल का, ओळखक्रमांक आम्हाला स्वतः बदलता येतो का, दोष निघाला तर सुधारित सॉफ्टवेअर किती वर्षे द्याल, रिसीव्हर नोंद ठेवतो का. उत्तर ‘साहेब, आजवर कोणाची तक्रार नाही’ असे आले, तर तो रिमोट घेऊ नये. वायरमन आणि शेतकऱ्यांसाठी विहिरीचे प्रकरण स्वतंत्र आहे, ते आधीचे काही न वाचताही समजेल. क्रेनचालकांसाठी पाळी बदलतानाची वही आहे: रिमोट कोणी दिला, कोणी घेतला, लाल बटण दाबून पाहिले का, सुटा रिमोट कुलपात आहे का.

पुस्तकाच्या शेवटी एक पान मोठ्या अक्षरांत, वेगळे काढता येईल असे छापले आहे. ते यार्डात, ट्रॉली लागते त्या खांबावर लावायचे आहे. हुकवाला वर असताना रिमोटची किल्ली चालकाच्या हातात नसून त्या हुकवाल्याच्या खिशात असावी, आणि खांबावर त्याच्या हाताच्या उंचीला वायरीने जोडलेले एक लाल बटण असावे, असे त्यावर लिहिले आहे. हे बटण बसवायला एक वायरमन आणि अर्धा दिवस पुरतो. येत्या हंगामाची मोळी गव्हाणीत पडण्याआधी ते बसवून घ्यावे, ही संचालक मंडळांना विनंती आहे.